सिरेलीचा कौल

संध्याकाळचे साडेसात वाजले की केसरबाईच्या ओसरीत आठ-दहा माणसं जमतात आणि टीव्हीवर दवाखान्याची सिरेल लागते. ही सिरेल सुरू झाली तेव्हा सून रंजीता लग्न होऊन या घरात यायची होती. आता तिची पोरगी तिसरीत आहे. एवढ्या वर्षांत सिरेलीतल्या लांब केसांच्या डॉक्टरनं दोन लग्नं केली, एकदा सगळं विसरला, एकदा मेला आणि दुसऱ्या महिन्यात परत ड्यूटीवर आला.

केसरबाई स्वतः तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आया. सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे सिरेल बघताना तिचं तोंड बंद राहत नाही.

"अवो बाई, हातमोजे घालून कपाळ कायले पुसतं? फेक आता थे!"

"चूप बस ना वो वयनी," शेजारचा देवाजी वैतागतो. "आमी येतो का तुह्या दवाखान्यात बोलाले?"

तिचा नवरा बापूराव मात्र सिरेल बघताना हूं की चूं करत नाही. साठी ओलांडलेला, चार एकर धानाच्या बांध्या कसणारा, बोलायला कंजूष माणूस. गेल्या हंगामात धानाचं पोतं उचलताना त्याच्या जांघेत गोळा आला. खोकला तर लिंबाएवढा, पोतं उचललं तर पेरूएवढा. निजलं की आत. कोणाला सांगितलं नाही; पण उठता-बसता हात धोतरावर जाऊ लागला आणि केसरबाईनं एका नजरेत ओळखलं.

"आतडी उतरली तुमची. आपरेशन लागते."

"वारा आहे थो."

"वारा काय पिशवीत बसून रायते?"

बापूराव उठून बांधीवर निघून गेला. पुढचे चार महिने तो असाच निघून जायचा. केसरबाईनं मात्र एका गोष्टीची धास्ती घेतली होती. एक माणूस अशाच गोळ्यासह ट्रॅक्टरमधून दवाखान्यात आला होता. आतडी अडकून आत काळी पडली होती. चंद्रपूरला न्यायच्या आधीच तो गेला. त्याला निजवलेली दवाखान्याची ट्रॉली केसरबाईनं धुतली होती. घरी येऊन ती त्या दिवशी जेवली नाही, आणि का ते कोणाला सांगितलंही नाही.

तीन महिन्यांतून एकदा चंद्रपूरहून सर्जनसाहेब येतात. यावेळी बुधवार ठरला. केसरबाईनं न विचारता नवऱ्याचं नाव यादीत घातलं. बापूराव ढिम्म. आणि नेमकं त्याच सुमारास सिरेलीतल्या दवाखान्यात एक म्हातारा शेतकरी भरती झाला. हर्निया!

बापूराव खाटेवर ताठ बसला. भाग संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "त्या बुढ्याचं बरं झालं तं मी बी जातो. नाई तं नाई. हा कौल समजा."

या घराण्यात विहीर खोदायची, सोयरीक जुळवायची, तर आधी देवापुढे तांदळाचे दाणे टाकून कौल घेतात, आणि घेतलेला कौल मोडत नाहीत. टीव्हीचा कौल घेणारा बापूराव पहिलाच. केसरबाई खूश झाली. हर्नियानं काय मरते थो? दोन दिवसांत टाके पडतील.

पण सिरेल कशी चालते हे ती विसरली. म्हाताऱ्याचं पोट उघडलं आणि तेवढ्यात डॉक्टरची पहिली बायको आली. मग लाइट गेली. मग नर्सचा साखरपुडा मोडला. मग डॉक्टरनं हातात कात्री धरून पूर्ण एक भाग लहानपण आठवलं. नऊ भाग झाले, म्हातारा अजून टेबलावरच.

मंगळवारी ओसरी गच्च भरली. भागाच्या शेवटी मशीनवरची रेघ सरळ झाली, ढोल वाजले, डॉक्टरचे डोळे तीन वेळा दाखवले आणि 'पुढील भागात' अशी पाटी आली.

"कौल लागला नाई," बापूराव म्हणाला. "उद्या पाहू. पुढल्या खेपेले जाऊ आपरेशनले."

"बराबर आहे," देवाजी म्हणाला. "कौलाच्या आधी जाऊ नये मानसानं."

केसरबाई टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली.

"मंग कौल मी सांगते. मेला थो बुढा. नऊ दिस पोट उघडं ठेवल्यावर जगन का? आन कोनाच्या भरोशावर जगन? इतके वर्सं झाले, त्या दवाखान्यात एक तरी आया दिसली का तुमाले?"

सगळ्यांनी मागचे भाग आठवून पाहिले.

"नाई दिसली," रंजीता म्हणाली.

"फरशी कोन पुसते तिथी? रगताचे कपडे कोन धुते? कंबरेत सुई देतानी मानसाले धरून कोन बसते? हा देवाजी! वाघ पाह्यला म्हून गावभर सांगते. अपेंडिक्सच्या टायमाले माह्या खांद्यावर डोस्कं ठेवून रडला."

"अवो वयनी, थे सांगाचं नाई ठरलं होतं ना!"

ओसरी हसली. बापूराव हसला नाही.

"तू आतमंदी रायतं?"

"मंग सव्वीस वर्सांपासून कुठी रायते मी?"

"मले वाटलं, बाहेर झाडू-पोछा करत असन." त्याचा हात धोतरावर गेला. "उद्या बी राह्यसीन?"

"आठ ते चार."

सकाळी सातच्या बसनं तिघं गेली. ऑपरेशन खोलीच्या दारात सिस्टर माधवीनं अडवलं. "केसरबाई, नातेवाईक आत चालत नाहीत, माहीत आहे ना?"

"नातेवाईक म्हून रंजीता बसली जी बाकड्यावर. मी ड्यूटीवर आहो."

माधवी बाजूला झाली.

कंबरेत भुलीची सुई देताना बापूरावला वाकवून बसवलं. केसरबाईनं त्याचे दोन्ही खांदे धरले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. चार लोकांत त्यानं कधी तिचं नावही घेतलं नव्हतं. त्यानं डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं आणि तिच्या हिरव्या गाऊनची बाही मुठीत आवळली.

"हालू नोका," ती म्हणाली, जशी सगळ्यांना म्हणते.

चाळीस मिनिटांत टाकेसुद्धा घालून झाले.

दुपारी बापूराव वॉर्डात खाटेवर उताणा. उठायला बंदी, पाय अजून जड. केसरबाई समोरून बादली घेऊन गेली, एका म्हाताऱ्याला लघवीचं भांडं दिलं, दुसऱ्याची चादर बदलली, एका बाईला पाणी पाजलं, पोछा मारला. तो बघत राहिला. तिनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. सतरा पेशंट होते. थोड्या वेळानं त्याची चुळबुळ सुरू झाली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवटी घसा खाकरून म्हणाला,

"सिस्टर, जरा आयाबाईले बोलवता का जी?"

केसरबाई पदराला हात पुसत खाटेजवळ आली. "काय पायजे पेशंटले?"

बापूरावनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "भांडं."

तिनं पडदा ओढला.