सन्मतीचं माप

दुधगावात आमच्या सन्मतीसारखी पळणारी पोरगी झाली न्हाई, आणि हे भाऊ म्हणून सांगत न्हाई. मी दुधाचा टेम्पो चालवतो, दहावीला दोनदा बसलोय, पण माणूस पारखाय मला शाळा लागत न्हाई. सहावीत असताना सुटलेल्या रेडकामागं ती पळाली आणि शिवंवरनं त्याला दाव्याला धरून घरी आणलं. तवाच मी बोललो, ही पोलीस हुणार.

वडील गेल्यावर कारभार माझ्याकडं आला. काका मातूर दर दिवाळीला तिच्यासाठी एक स्थळ काढायचं. शेवटी ठरलं, यंदाच्या भरतीत लागली तर वर्दी, न्हाईतर काकांनी बघितलेलं इचलकरंजीचं स्थळ. सन्मतीनंच मान हलवली. तिला खात्री हुती. मला तिच्यापरीस जास्त.

आणि नेमकं ग्राउंड, म्हणजे पळायची आणि गोळाफेकीची परीक्षा, जवळ आली तशी पोरगी मागं पडाय लागली. नदीच्या रस्त्याला मी टेम्पो घिऊन मागनं जायचो. निम्म्यात थांबायची, वाकायची, काखा दाबून उभी ऱ्हायची.

"काय झालं गं?"

"काय न्हाई."

"मग पळ की! इचलकरंजीला भाकरी बडवाय जायचंय व्हय?"

बदाम आणलं, खजूर आणला. आमच्या जैनात दिस मावळायच्या आत जेवत्यात, भरल्या पोटी पळाय नको म्हणून सांजचा सराव बंद करून पहाटं न्यायला लागलो. तरी तेच.

शेवटी बायको बोलली. दीपाली तशी कमी बोलती. "आवं, बदाम कसलं चारताय? तिच्या काखंत सोलवटलंय. खांद्यावर बोट बुडंल असलं वळ हायत. आतनं एकावर एक दोन बॉड्या घालती आणि वरनं ओढणी आवळती. श्वास कुठनं घ्यायचा तिनं?"

"दोन कशाला?"

"एक धरत न्हाई म्हणून! सासूबाई बाजारातनं आणत्यात त्या स्वतःच्या मापाच्या. त्यांना तीच, मला तीच, तिलाबी तीच. दुकानात बापय माणूस, म्हणून कुणी तोंड उघडत न्हाई."

मिल्ट्रीच्या भरतीला माझी छाती टेप लावून मोजली हुती. अशी फुगवून दावली की सायेब बघत ऱ्हायला. पोरींची भरतीत कुणी मोजत न्हाई, आणि घरात तर तो इषयच न्हाई.

दुसऱ्या दिवशी दूध घालून दोघींना टेम्पोत बसवाय निघालो. आई दारात आडवी आली. "गोमटेश, बाप्यानं ह्यात पडू ने. लोक काय म्हणतील?"

"लोक पळणार हायत व्हय तिच्याबदली?"

सांगलीत एका दुकानात बाईच माप घेत्यात, हे दीपालीनं इचारून ठेवलं हुतं. मी पायरीवर बसलो. आमच्या गल्लीतला भाऊसो तिथनंच चालला हुता.

"काय गड्या, बायकांच्या दुकानात नोकरी धरली का काय?"

"भनीच्या बॉडीचं माप चाललंय," मी मोठ्यानं सांगितलं. "तुझ्याबी भनीला आण."

त्याचं हसू तिथंच मेलं. पण आमी घरी पोचायच्या आत गावात बातमी पोचणार, हे मला ठावं हुतं.

पडद्यामागनं आवाज येत हुता.

"बाळ, हात खाली सोड."

"नको."

"आगं वहिनी हाय की जवळ. किती दिवस असं घालतीयास?"

मग बाईच बोलल्या, "खालचा पट्टा ढिला, वरनं कमी पडतंय. सगळा भार खांद्यावर. पट्ट्यानं धरायचं असतंय पोरी."

बाहेर आल्या तवा त्यांचं तोंड उतरलं हुतं. "पळायची वेगळी असती, मापाची दिलीया. पण दादा, कातडं सोललंय. जखम भरंस्तवर पळवू नका."

"बाई, सोमवारी ग्राउंड हाय."

सन्मती बोलली, "मी पळणार."

सोमवारी गेटातनं आत आमाला सोडलं न्हाई. मी आणि दीपाली टेम्पोजवळ उभी. दुपारी सन्मती बाहेर आली, डावा हात अंगापासनं लांब धरून. काखंखाली टी-शर्टाला लाल डाग.

"श्वास पुरला दादा. निम्म्यापर्यंत माझ्या पुढं कुणीच न्हवतं. मग खपली निघाली."

"गोळा?"

"हातच वर जाईना. मार्कं बसत न्हाईत. मी मोजली."

दीपालीनं तिला पाणी दिलं. तेवढ्यात काकांचा फोन.

"काय झालं पोरीचं? रविवारी पाव्हण्यांस्नी बोलवू का? गावात काय काय ऐकतोय मी तुझं. बाजारात बसून भनीचं..."

सन्मतीनं फोन माझ्या हातातनं घेतला. "काका, मीच कबूल केलं हुतं, ते मीच मोडतीया. पुढच्या भरतीला वय बसतंय माझं. पाव्हण्यांस्नी बोलवू नका."

"भावानं शिकवलं व्हय हे?"

"न्हाई."

"मग हितनं फुडं तुमचं तुमी बघा," काका बोलले आणि फोन ठिवला. वडलांच्या मागं आमाला तेवढंच एक वडीलधारं माणूस हुतं. आईला काय सांगायचं, ह्याचा इचार करत मी गाडी चालवत हुतो. 

"दादा, थांब," सन्मती बोलली. रस्त्याकडंला मेडिकल हुतं, गल्ल्यावर बापय माणूस. "मलम घ्याय पायजे."

मी उतराय लागलो, तर ती बोलली, "ऱ्हाऊ दे, कशाला लागतंय ते मी सांगती त्याला." आणि तो डाग तसाच घिऊन आत गेली.