साडभाऊंचं हलकं पाणी

सोयरीक जमवताना लोक शेत पाहतात, नोकरी पाहतात. पण समोरच्यांच्या पाण्यात मूठभर तूरडाळ शिजवून पाहिल्याशिवाय होकार न देणारा माणूस उभ्या वाशीम जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडभाऊ निघावा, याला नशीब म्हणतात. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे मला बोलायचीही सोय नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की हे खिशातून डाळीची पुडी काढणार आणि घरच्या बाईला म्हणणार, "चहा मंग. पयले हे शिजू द्या." डाळ मऊ झाली तर पाणी हलकं आणि माणसंही चांगली. दाणा अख्खा राहिला तर पाणी जड, मग त्या घरात मुलगी देणं नाही की घेणं नाही. पोहरादेवीला गेलो तेव्हा दर्शन राहिलं बाजूला, हे भंडाऱ्याच्या आचाऱ्यापाशी बोअर कुठली म्हणून चौकशी करत उभे. आमच्या घरी तर त्यांनी दाणा बोटांत दाबून सगळ्यांदेखत निकाल दिला, "साडभाऊ, इथं तुमची डाळ शिजनार नाही." बायकोने त्या वाक्याचा जो अर्थ घेतला तो मी अजून भोगतो आहे.

त्यांचा स्वतःचा मळा आमच्या वाशीमकडच्या मालेगावला, वस्तीला लागून. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मळ्यात त्यांची विहीर, बांधापलीकडेच गावच्या नळयोजनेची. दोन्ही विहिरींचे झरे एकच, त्यामुळे "अख्ख्या गावाले मीच पाजून राह्यलो," असं ते चारचौघांत सांगत. गावच्या विहिरीची राखण कुणी सांगितली नव्हती, तरी ती त्यांच्याकडेच होती. तिथे कुणी मोटारसायकल धुवायला आणली की यांचा आवाज बाजारापर्यंत जाई, "धुवाची असंन तं सासऱ्याच्या विहिरीवर ने!" फवारणीचा पंप विसळणाऱ्या एकाचा पंपच त्यांनी उचलून आणला आणि त्याने कान धरल्यावर परत दिला. हा सगळा बंदोबस्त ते आपल्या उकिरड्यावर उभे राहून करत, कारण तिथून विहीर छान दिसे. उकिरडा म्हणजे लक्ष्मी, ती डोळ्यांसमोरच हवी, म्हणून तो विहिरीच्या वरच्या अंगाला. मेथी काळीभोर दिसावी म्हणून युरियाही सढळ हाताने. पाऊस पडला की हे सगळं मुरत कुठे जातं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. डाळ तर लोण्यासारखी शिजत होती.

मग त्यांची एकुलती एक लेक अकोल्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. तिथेच नर्स आहे ती. बाळाला घेऊन ती माहेरी येणार म्हणून साडभाऊंनी घराला चुना मारला, पाळणा टांगला. नेमकं त्याच वेळी नळयोजनेचं पाणी तपासलं गेलं, त्यात नायट्रेट जास्त निघालं आणि ते पिऊ नका म्हणून गावात दवंडी फिरली. लेकीने वडिलांच्या विहिरीचंही तपासायला लावलं. तेच निघालं. मी शेजारी बसलो होतो, फोनवरचं सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, बाळाले वरचं दूध लागते. या पान्यात नाही देता येत."

"अवं पन डाळ शिजते ना."

"जड पानी डाळीले समजते बाबा. खताचं नाही समजत. उकिरडा कुठं हाय आपला?"

साडभाऊंनी फोन माझ्या हातात दिला आणि मळ्याची वाट धरली.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः टोपली घेऊन उकिरडा लांब उतारावर न्यायला लागले. युरिया बंद केला. मेथी फिकी पडली, तर बाजारात गिऱ्हाइकाला म्हणत, "पिवळी हाय, पन इमानदार हाय." एका पावसाळ्यात विहीर निवळेल अशी त्यांची खात्री होती. पण वर्षानुवर्षं मुरलेलं असं लगेच थोडंच निघतं? पुन्हा तपासलं, फारसा फरक नव्हता. लेकीचं येणं आणखी लांबलं.

शेवटी लेक आलीच. आजोबांना नातीचं तोंड तरी किती दिवस दाखवायचं नाही? एसटीतून उतरली तेव्हा कडेवर बाळ होतं आणि पायाशी पाण्याच्या दोन कॅन. साडभाऊंनी मला हातही लावू दिला नाही, दोन्ही कॅन स्वतः उचलून घरापर्यंत आणल्या. ओट्यावर टेकले, धाप लागली होती.  

"साडभाऊ," ते हळूच म्हणाले, "लोकायच्या लेकी माहेराहून शिदोरी नेतात. माही लेक माहेराले पानी घेऊन आली."