कोपराला थोडंच

माझी पत्नी सुमन बुधवारी गेली. रुग्णालयातल्या शेवटच्या आठ दिवसांत तिच्या मनगटांवरचा सावळा रंग उतरला आणि खालचं कोड मला पहिल्यांदा दिसलं.

"दहा वर्षं दर रविवारी कडी लावून रंगाचं लोशन लावायची, भावोजी," तिची बहीण म्हणाली. "कोपराला थोडंच, पेरं लगेच पुसायची. म्हणजे अगदी खरं वाटतं."

"तुला सांगितलं, मग मलाच का नाही?"

"शेजारच्या मुलीने कोड लपवून लग्न केलं, तेव्हा फसवणूक आहे असं तुम्हीच म्हणाला होतात ना!"

एका माणसाला खरं वाटावं म्हणून एवढी मेहनत, आणि तो माणूस मी. राग कोणावर धरावा, कळत नाही.

तिच्या उशीच्या अभ्र्यावरचा तपकिरी डाग मी चहाचा समजत होतो. तो अजून आहे.