मुळ्याचा नैवेद्य

लालबाग, परळ आणि काळाचौकी येथील समस्त गणेशभक्तांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या बाप्पाला मुळा आवडतो. हसू नका. समुद्र ओलांडून, उपाशीपोटी, मी हे स्वतः पाहून आलो आहे. आता, मी नेमकं काय पाहिलं आणि काय पाहिलंच नाही, हीच तर खरी हकिकत आहे.

आमच्या हिला विषमज्वर झाला होता. डॉक्टरही नजरेला नजर देईनासे झाले, तेव्हा आईने देव्हाऱ्यापुढे पदर पसरला. "सूनबाई उठून बसू दे. माझा लेक दर संकष्टीला तुझं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही." नवस आईचा, उपास माझा! पण ही उठली, हिंडू-फिरू लागली, आणि तेव्हापासून मी एकही संकष्टी चुकवली नाही. वरवर थट्टा करायचो, पण हिचा श्वास त्या एका धाग्याला बांधलेला आहे, असं मला आतून पक्कं वाटायचं.

अशात आमच्या गिरणीने नवे माग पाहायला मला जपानला पाठवलं. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे. निम्मी चाळ शिवाजी पार्कात भाषणं ऐकायची आणि उरलेली निम्मी गॅलरीत भाषणं करायची. निरोप देताना शेजारचे दाजी गरजले, "जपान्यांना ठणकावून सांग रे, मुंबई आमचीच!" आईने मात्र बोटभर उंचीचा पितळी गणपती माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "चंद्र तिथेही उगवतो. सबबी नकोत."

जपानात माझी चंगळ होती. कढत पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसायचं, बाहेर आलं की सैलसर झगा घालायचा आणि जमिनीवर मांडी ठोकून जेवायचं. मांडीचा सराव आम्हाला जन्मापासूनचा, त्यामुळे साहेब लोकांपेक्षा मी फार शोभलो. फक्त कच्चा मासा पुढे आला तेव्हा हात थबकला. कोकणी माणसाचा जीव माशात, हे खरं, पण त्या बिचाऱ्याला चूल तरी दाखवायची!

एका सराईत माझ्या खोलीला कोनाडा होता. त्यात एक लांबट चित्र टांगलेलं आणि खाली एकच फूल. आमच्या डोळ्यांना तो सरळसरळ देव्हारा! बाप्पांना मी त्या फुलाशेजारी बसवलं. ते असे काही शोभले की, सकाळी निघताना घरातून निघावं तसे मी हात जोडले आणि चालू पडलो. देव घरी, आपण कामावर!

ओसाकाला पोहोचून पिशवी उघडली, तर बाप्पा त्या कोनाड्यातच राहिलेले! दुसऱ्याच दिवशी संकष्टी होती आणि नेमकं त्याच दिवशी संध्याकाळी माग बनवणाऱ्या मालकांनी खास माझ्यासाठी जेवण ठेवलं होतं. जेवलो नाही तर यजमानांचा अपमान. दर्शनाशिवाय जेवलो तर... पुढचा विचारही करवेना. आई समोर असती तर ओरडलो असतो, पण समोर होते मोरी-सान, म्हणजे मोरीसाहेब, मला सगळीकडे फिरवणारे वयस्कर दुभाषे. (चाळीत वाढलेल्या माणसाने भल्या गृहस्थाला 'मोरी' म्हणावं, हाही एक उपासच.) संकष्टीच्या संध्याकाळी, जेवणाआधी, माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी कारण विचारलं. माझं इंग्रजी मागांपुरतं, त्यांचंही तेवढंच. शेवटी मी कागदावर सोंड काढली, कान काढले, मोठं पोट काढलं आणि हात जोडले.

मोरी-सान चित्राकडे बघतच राहिले. मग उठले, मालकांच्या कानाशी काहीतरी बोलले आणि मला मोटारीत घालून डोंगरावर घेऊन गेले.

वर दगडी पायऱ्या, दिव्यांच्या रांगा, धुपाचा वास. देवापुढे मांडीएवढे पांढरेशुभ्र मुळे रचलेले आणि बाजूला तळलेली मिठाई, तोंडाशी चुण्या घातलेली. मोदक! मोरी-सान म्हणाले, हा आमचा हत्तीमुखाचा देव, फार पूर्वी तुमच्याकडूनच आला. मी धावतच गाभाऱ्यापाशी गेलो. दार बंद होतं.

"कधी उघडेल?" मी विचारलं.

"कधीच नाही. याला कोणी बघत नाही."

"मग दर्शन?"

ते शांतपणे म्हणाले, "तो बघतो."

मी तिथेच खाली बसलो. इतकी वर्षं मी मूर्तीकडे टक लावून हजेरी लावत आलो होतो, जणू माझ्या बघण्यावरच ही जगत होती. त्या बंद दारापुढे मला बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी डोळे मिटले आणि हिला त्याच्यावर सोपवून टाकलं. छातीवरचं ओझं उतरलं. तोंडातून इतक्या मोठ्याने "मोरया!" निघालं की पुजारी दचकले. बाहेर आलो तर डोंगरामागून चंद्र वर येत होता.

परतलो तेव्हा सगळी मंडळी वाडग्यांची झाकणंही न उघडता माझ्यासाठी थांबली होती. माझ्या पानात भात, भाज्या आणि मुळ्याचं लोणचं. इतकं गोड जेवण मी आजवर जेवलो नाही. पितळी बाप्पाही पुढे त्या सराईच्या बाईंनी जपून, सुकलेल्या फुलासकट पाठवून दिले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. गाभाऱ्याचं दार बंद होतं, मूर्ती दिसलीच नाही, हेही लपवलं नाही. दारात ही उभी होती, हात कणकेने भरलेले, गाल भरलेले, आणि मोरीच्या नावावर हसून बेजार झालेली. आता नवस मोडला की राहिला, याचा निवाडा आईच्या हाती होता. आईने देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि एकदम कपाळाला हात लावून म्हणाली,

"अगं बाई! आणि आपण त्याला इतकी वर्षं नुसत्या मोदकांवर ठेवला!"