खेड्यात निघालेले डॉक्टर

काहींच्या नोकरीत ओळखी साठतात, काहींच्या नोकरीत पाठदुखी. माझ्या नोकरीत किस्से साठले. दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी हायडेलबर्गजवळच्या एका छोट्या संस्थेत डॉक्टर होते. जर्मन मेडिकल स्टुडंट्सना आफ्रिकेतल्या खेड्यांत पाठवायचं, तिथल्या लोकांत ठेवून डॉक्टरकी शिकवायची, हे आमचं काम. काम चांगलं होतं हो! माणसं मात्र एकेक नग!

नागपूरला आईला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे खेड्यात डॉक्टरनं कसं राहायचं, ते तू शिकवतेस?"

"हो ना!"

"जर्मनीत बसून?"

"आई, आवाज नीट येत नाहीये गं!"

* * *

आमच्या प्रोफेसरसाहेबांचं पेटंट लेक्चर म्हणजे 'गावकऱ्यांचं ऐकायला शिका'. सकाळभर एकटेच बोलायचे. एकदा डॉ. ग्रेसनं मध्येच हात वर केला. ग्रेस आमची मलावीची सहकारी, खेड्यातच जन्मलेली, खेड्यातच प्रॅक्टिस केलेली. त्या खोलीत गावकरी म्हणावं असं कुणी असेल तर तीच!

"बिट्टे, प्लीज, प्रश्न शेवटी," साहेब म्हणाले.

शेवटी वेळ संपली. साहेबांनी मोठ्या मनानं विचारलं, "ग्रेस, तुम्हाला काही म्हणायचं होतं?"

"नाही. ऐकायला शिकत होते."

* * *

मग एकदा रोल-प्ले ठरला. स्टुडंटनं झोपडीत जायचं आणि घरातल्या बाईशी बोलायचं. बाई कोण? मी!

म्हटलं, "अहो, माझे वडील रेल्वेत इंजिनियर. मी क्वार्टर्समध्ये वाढले. खेडं मी खिडकीतून पाहिलंय."

"पण तुम्ही ऑथेंटिक वाटता!" साहेब म्हणाले.

बसले साडी नेसून. स्टुडंटनं टेबलावर टकटक केली आणि गोड हसून म्हणाला, "आत येऊ?"

मी चष्म्यावरून बघितलं. "टर्मीन आहे का? अपॉइंटमेंट घेतलीय?"

अख्खा वर्ग खो खो हसला. साहेबांचा शेरा : "वास्तवाला धरून नाही."

* * *

आमचा सगळ्यात उत्साही स्टुडंट लुकास. जाण्याआधी सगळ्या लसी टोचून घेतल्या, पाणी गाळायचं यंत्र घेतलं, मच्छरदाणी घेतली, वर एक स्पेअर! निघायच्या आदल्या दिवशी मला त्याचा घाबराघुबरा फोन आला.

"डॉक्टर, उलट्या, जुलाब, ताप! नक्की ट्रॉपिकल काहीतरी आहे!"

"अरे, पण आहेस कुठे?"

"लुडविग्सहाफेनला. आईकडे."

म्हणजे आमच्या शेजारच्याच शहरात. आईच्या हातचं बटाट्याचं सॅलड बाधलं होतं!

पुढे बरा होऊन गेला, मलावीतल्या खेड्यात काही महिने राहिला. परत आला तो पार बदलून. "वीज नाही, रस्ता नाही, पण खरी डॉक्टरकी तिथेच!" असं भेटेल त्याला सांगायचा.

* * *

एके वर्षी ग्रेस हट्टाला पेटली. "आमच्याकडे तुमची मुलं येतात, तर आमची इथल्या खेड्यात का नकोत?" साहेबांना नाही म्हणता येईना. मग मलावीहून चिसोमो नावाची फायनल इयरची मुलगी आली आणि ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका गावात राहिली. गावातला म्हातारा डॉक्टर रिटायर झाला होता. त्याच्या दवाखान्याला तेव्हापासून कुलूप.

सुरुवातीला आज्ज्या पडद्याआडूनच बघायच्या. चिसोमो घरोघर जायची, मोडकंतोडकं जर्मन बोलायची, केक खायची. एका आजीचे मोजे तिनं हट्टानं उतरवले. आजीला डायबेटिस, आणि टाचेवरची जखम पार चिघळलेली. औषध लिहून द्यायची तिला परवानगी नव्हती, म्हणून शेजाऱ्याची गाडी काढायला लावून ती आजीला हॉस्पिटलात घेऊन गेली. पाय वाचला.

आमच्या संस्थेतल्या निरोपसमारंभाला ती आजी काठी टेकत आली. गावचे बुर्गरमायस्टर, म्हणजे आपले सरपंच, उभे राहिले.

"हिला आमच्याकडेच ठेवता येणार नाही का?"

चिसोमो हसली. "माझ्या गावातही डॉक्टर नाही."

"बरं..." सरपंच पुढच्या रांगेतल्या आमच्या स्टुडंट्सकडे वळले. "मग तुमच्यापैकी कुणी?"

साहेब छताकडे बघायला लागले. शेवटी लुकासच उठला.

"ओडेनवाल्डमध्ये?" तो म्हणाला. "अहो, तिथे संध्याकाळनंतर बससुद्धा नसते!"