सिमेंट ओलं असताना

२० सप्टेंबर. घट बसायला दोन दिवस उरले आणि आज बागेत कपडे वाळवायचा स्टँड बसवला. खड्ड्यात सिमेंट ओतलं आणि त्या ओल्या वासाने मी भिंगारच्या क्वार्टरमागच्या अंगणात जाऊन पोचले.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. सहा वर्षं आमचे कपडे शेजारच्या काकूंच्या तारेवर वाळत होते. त्यांना जागा लागली की आमचे ओलेच परत यायचे. घटाआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेमके तेव्हाच दोन लोखंडी खांब पुरले. तार ओढून आईला बजावलं, "दोन दिवस हात लावायचा न्हाई. सिमेंट ओलं हाय."

अण्णा ड्यूटीवर गेले आणि आईने सगळ्यात जड गोधडी धुऊन, पाणी गळत असतानाच तारेवर टाकली. खांब हळूहळू कलला.

संध्याकाळी अण्णा म्हणाले, "अगं, दोन दिवस दम निघंना व्हय तुला?"

"सहा वर्सं काढला की दम! आता घट थांबत्यात का?"

अण्णांना हसू आवरेना. खांब कायमचा तिरका राहिला.

आई उतावळी आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता कळतं, तिला पुन्हा काकूंच्या दारात जायचं नव्हतं.

२१ सप्टेंबर. मला मागायची लाज वाटत नाही. आज सकाळी ओल्या चादरींची बादली उचलली आणि शेजारच्या वहिनींची बेल वाजवली.