काचेवरचं पाणी

सोलापूर स्टेशनावर आम्ही गाडीत बसलो तेव्हा चैत्र संपत आला होता आणि फलाटाच्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नव्हतं. आई मैंदर्गीहून आदल्या दिवशीच आली होती. तिनं कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीचं गाठोडं खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं आणि ह्यांना विचारलं, “जावईबापू, ते गाव कंचं म्हणला?”

“रावळपिंडी. उन्हाळ्यात सायेब वर डोंगरात जातो. तितल्या गावाचं नाव मरी.”

आईचा चेहरा उतरला. आपल्याकडं मरी म्हणजे पटकीची देवी, मरीआई. “असलं नाव असतंय व्हय गावाचं? पोरीला घिऊन मरीला चाललाय?”

हे हसले. मीही हसले. मास्तरांची मुलगी होते, चार इयत्ता शिकले होते, नावाला काय घाबरायचं!

हसले नाहीत ते थोरले भावजी, ह्यांचे मोठे भाऊ. प्लेगात आईबाप गेले तेव्हा ते स्वतःच पोरसवदा होते. ह्यांना कडेवर घेऊन त्यांनी गाव सोडलं, सोलापुरात मिलमध्ये मागावर उभे राहिले आणि धाकट्याला मोटारीचं काम शिकायला घातलं. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली. दुसरी त्यांनी केली नाही. शनिवारी शिंदी घेत आणि कुणाला त्रास न देता भिंतीकडं तोंड करून झोपत. गाडी हलली तेव्हा भावजी खिडकीचा गज धरून फलाट संपेपर्यंत पळाले. त्यांच्या दाढीवरून घाम ओघळत होता की डोळ्यांतलं पाणी, ते मला कळलं नाही.

मैंदर्गीच्या माझ्या माणसांनो, आणि पोटासाठी माझ्यासारखंच दूर गेलेल्यांनो, पुढचं मी तुम्हाला कधी सगळं सांगितलं नाही. तुम्ही भावजींना देवमाणूस म्हणता. म्हणत राहा, मी अडवणार नाही. पण ठाऊक असून म्हणा.

ज्या साहेबाची मोटार हे सोलापुरात चालवत, त्याची बदली झाली म्हणून आम्ही पिंडीला गेलो. साहेब दुसऱ्या वर्षी विलायतेला निघून गेला. हे मग एका सरदारजी शेठच्या लॉरीवर लागले. पिंडीहून मरीला माल चढवायचा, तिकडून लाकूड नाहीतर बटाटे उतरवायचे. माणसं चांगली होती. शेजारणींनी मला रजई भरायला शिकवलं, अंगीठीवर हात कसे शेकायचे ते दाखवलं. शांता तिथंच जन्मली. पण बोलायला कुणी नव्हतं. पंजाबी कानावरून वाहून जायचं. दिवसभर मी मुकी असायची आणि हे संध्याकाळी आले की जेवण होईस्तोवर बडबडत सुटायची. हे म्हणायचे, “अगं, घास तरी गिळू दे की.”

थंडी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक नाही. सोलापुरात संक्रांतीला आपण चादर पांघरतो आणि गारठलो म्हणतो. पिंडीत पहाटे घागरीतल्या पाण्यावर काचेसारखी पापडी धरायची. वर घाटात तर पाणी दगड व्हायचं. रात्री लॉरी उभी करताना रेडिएटरातलं सगळं पाणी काढून टाकावं लागे. नाही काढलं तर ते आतच गोठून लोखंड फोडायचं. सकाळी मग कढत पाणी ओतून इंजिन जागं करायचं.

त्याहून मोठं संकट समोरच्या काचेचं. पुढची गाडी बर्फाचा चिखल उडवायची आणि काच बरबटून जायची. ह्यांनी त्यावर एक युक्ती केली होती. जुन्या भोंप्याचा रबरी फुगा एका बाटलीला बसवला आणि बाटलीतून तांब्याची बारीक नळी काचेपाशी नेली. बसल्या जागी फुगा दाबला की काचेवर पाण्याची धार, मग हातानं दांडी फिरवून पुसायचं. उन्हाळ्यात धुळीला ती युक्ती नामी होती. हिवाळ्यात मात्र नळीतलं पाणी गोठायचं. नळीतून सुटलं तर काचेवर गोठायचं, आणि होतं तेवढंही दिसेनासं व्हायचं.

ह्यांनी कढत पाणी भरून पाहिलं, तर काचच तडकली. मीठ घातलं, तर नळी हिरवी पडली आणि काचेवर पांढरे ओघळ राहिले. एका सकाळी मी स्टोव्ह पेटवायला बसले. घागरीवर पापडी होती, पण शेजारच्या बाटलीतलं स्पिरिट खळखळ हलत होतं. मी ह्यांना हाक मारली, “अहो, हे बघा, हे गोठलं न्हाय.” हे बाटलीकडं बघत राहिले आणि माझा गालगुच्चा घेतला. त्या दिवसापासून बाटलीत अर्धं स्पिरिट आणि अर्धं पाणी. काच स्वच्छ राहायला लागली. मरीच्या रस्त्यावरचे डायवर ह्यांना उस्ताद म्हणायला लागले.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी भावजी आले. मिलमधून माणसं कमी केली, त्यात ते गेले. पिंडीच्या फलाटावर धोतर, एक चादर आणि एवढंसं अंग घेऊन ते कुडकुडत उभे होते. आम्हाला काय आनंद झाला! घरात मराठी बोलणारं माणूस आलं. शेठनं त्यांना ह्यांच्याच लॉरीवर ठेवून घेतलं. माल बघायचा, चढावर चाकाला दगड लावायचा, संध्याकाळी पाणी काढायचं, बाटली भरायची. स्पिरिटचा डबा त्यांच्याच ताब्यात असे.

भावजींना ती थंडी सोसली नाही. बोटं सुजून फुटली. रात्रभर खोकत. दिवसा मात्र त्यांना एकदम तरतरी यायची, शांताला खांद्यावर घेऊन नाचायचे. आम्ही म्हटलं, रुळले.

पौषातली एक सकाळ. मरीहून देवदाराची लाकडं भरून लॉरी उतरायला लागली. पुढं एक गाडी चालली होती. तिनं चिखल उडवला, ह्यांनी फुगा दाबला. पाणी काचेवर पडलं आणि बघता बघता पांढरं झालं. ह्यांनी पुन्हा दाबलं. पांढऱ्यावर पांढरं चढलं. गाडी उतारावर, एका बाजूला खोल दरी. पुढचं बघायला ह्यांनी बाजूनं डोकं बाहेर काढलं. वळणावर खालून दुसरी लॉरी येत होती, तिच्यातली एक तुळई बाहेर आली होती.

दुपारी ह्यांना घरी आणलं. तोंडावर कांबळं होतं. भावजींनी मला ते काढू दिलं नाही.

सगळे म्हणाले, तुळईवाल्याची चूक. कुणी म्हणालं, नशीब. शेजारच्या बायका माझ्याजवळ बसून त्यांच्या बोलीत रडल्या, आणि मी माझ्या बोलीत रडले. तेराव्याचं उरकल्यावर मी भांडी घासत होते. भावजी उंबऱ्यात येऊन बसले.

“अंबू, बाटलीत पाणी हुतं.”

मला कळलं नाही. “पाणी असतंयच की.”

“तसं न्हवं. लई पाणी हुतं. इस्पिरीट मी पीत हुतो. गूळ घालून. जेवढं प्यालो तेवढं वर पाणी भरलं. डबा रिकामा दिसू नये म्हणून.”

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. “कवापासनं?”

“पयला बर्फ पडला तवापासनं. थंडी वाजती गं. आतनं हाडं फुटत्यात.”

“त्यांना ठावं हुतं?”

“न्हाय.” ते पुढं म्हणाले, “त्यानं मरायच्या आदी माझ्याकडं बघितलं न्हाय. काच बघत हुता. म्हणला, दादा, ह्या पाण्याला आज झालंय काय? मी गप बसलो. म्हणलो असतो तर त्यो थांबला असता.”

मी ओरडले नाही. ओरडून कुणाला कळणार होतं? ते म्हणाले, “मला पोलिसात दे.”

“पोलिसाला कुठल्या बोलीत सांगू?” मी म्हणाले.

सोलापूरला परत यायचं, तर भावजींबरोबर यायचं. गाडीत दोन दिवस त्यांच्या समोर बसायचं. गावात तुम्ही सगळे त्यांच्या गळ्यात पडणार आणि मी पदर डोक्यावर घेऊन बघत राहणार. आणि एकटी आले तर तुम्ही विचारणार, एवढ्या मोठ्या माणसाला परमुलखात टाकून आलीस? मला दोन्ही नको होतं.

शेठ भेटायला आला. आमच्या तिकिटाचं बघतो म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला की उस्तादची ती बाटली त्याला आपल्या सगळ्या लॉऱ्यांना लावायची आहे, भाई इथं राहिला तर भरायचं काम त्यालाच देईन. भावजींची मान खाली गेली.

मी दाराआडून बाहेर आले. परपुरुषासमोर मी असं कधी बोलले नव्हते. मोडक्यातोडक्या बोलीत म्हटलं, “बोतल मैं भरूंगी. स्पिरिट की चाबी मेरे पास.”

शेठनं माझ्याकडं बघितलं, भावजींकडं बघितलं. त्याला काय उमगलं देव जाणे. मान हलवून तो गेला.

तेव्हापासून थंडी पडली की संध्याकाळी मी गॅरेजात जायची. डोक्यावर पदर, अंगावर ह्यांचा कोट. बाटली भरली की त्यातलं थोडं पाणी बाहेरच्या पत्र्यावर ओतून ठेवायची आणि ते गोठत नाही हे बघूनच लॉरी सोडायला सांगायची. डायवर आधी हसले. मग बोतलवाली बीबी म्हणायला लागले. उन्हाळ्यात मी रजया शिवायची. आमच्या लॉऱ्यांतल्या कुणाची काच पुन्हा पांढरी झाली नाही. पण त्याचं समाधान मला कधी वाटलं नाही. प्रत्येक बाटली भरताना मला एकच बाटली दिसायची.

भावजींनी त्या दिवसानंतर थेंब घेतला नाही. ते खंगत गेले. शेठच्या गोदामावर बसायचे आणि उरलेला सगळा वेळ शांताला सांभाळायचे. तिला न्हाऊ घालायचे, वेण्या घालायचे, भरवायचे. तिच्याशी दिवसभर बोलत. मैंदर्गीचा बाजार, अक्कलकोटची गर्दी, हुरड्याची भट्टी. मी भिंतीपलीकडून ऐकत असायची. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. “जेवायला वाढलंय,” एवढंच. एका घरात आम्ही दोघं मराठी माणसं, आजूबाजूला शेकडो कोसांत तिसरं कुणी नाही, आणि आमच्यात शब्द नव्हता.

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. डॉक्टर येऊन गेला. दुपारी ऊन खाटेवर आलं होतं. मी काढा घेऊन गेले तर त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं.

“अंबू, एकडाव बोल की माझ्यासंगं.”

मी म्हणाले, “भावजी, मी तुमाला माफ केलेलं न्हाय.”

“नगं करू,” ते म्हणाले. “माफी कुणी मागितली? बोल नुसतं.”

मग मी बोलले. काय बोलू ते कळेना, म्हणून गावच्या विहिरीपासून सुरुवात केली. कुणाच्या शेतात चिंच होती, वडील शाळेत छडी कशी आपटायचे, आमच्या लग्नात वाजंत्री उशिरा आले तेव्हा भावजी कसे चिडले होते. ते मधेच “व्हय, व्हय,” म्हणायचे. एकदा हसले. ऊन खाटेवरून उतरून भिंतीवर गेलं तरी मी बोलत होते. दुसऱ्या दिवशी ते गेले. मला रडू आलं, आणि ते कुणासाठी आलं हे मी अजूनही सांगू शकत नाही.

त्यानंतर मी शांताला घेऊन मैंदर्गीला आले, ते तुम्हाला आठवत असेल. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळला. मला धाक होता की पोरीला काही बोलता येणार नाही, तुम्ही हसाल. पण शांता अंगणात गेली आणि शेळीला दम भरला, “ए, हितं काय करतीस गं? जा की तिकडं!”

आई तोंडाला पदर लावून हसली. “अगं बया, ही तर आपल्यावानीच बोलती की! एवढ्या लांब राहून कुणी शिकिवलं?”

“भावजींनी,” मी म्हटलं.

“देवमाणूस गं,” आई म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आई म्हणाली, आता राहा. मलाही वाटलं, राहावं. पण त्या उन्हात, त्या ओट्यावर बसून जो तो ह्यांचं आणि भावजींचं नाव एका दमात घ्यायचा आणि मला दोन्हींना सारखीच मान हलवावी लागायची. दिवाळी झाली की तिकडं थंडी पडणार होती आणि गॅरेजात माझ्याखेरीज कुणी बाटल्या भरत नव्हतं. मी शांताला घेऊन पिंडीला निघून आले.

आता इथंच आहे. माझी मराठी वडिलांनी शाळेत घोटून घेतलेली, तीही वापराविना जड झाली आहे. ह्यांचा आवाज मला आठवू म्हणता आठवत नाही. पण शांता पिंडीच्या गल्लीत पंजाबी बोलून घरात येते, चपला काढते आणि म्हणते, “आये, लई थंडी हाय बाहीर. हाडं फुटत्यात.” शब्द भावजींचे, हेल त्यांचा, शेवटचं अक्षर ओढायची ढबही त्यांचीच. ज्यानं माझं घर मोडलं त्याच्याच तोंडातून माझ्या लेकीला गाव मिळालं. दुसरं घर मला आता उरलेलं नाही. मी तिला अंगीठीजवळ ओढते आणि म्हणते, “बस हितं. बोल.”